समास नीट आहेत, पण प्रश्न कुठे आहे?

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिलेला आहे. आधी वीज, रेल्वे आणि लस, मग अणुबॉम्ब, आणि शेवटी ‘सारं काही वापरणाऱ्याच्या हातात आहे’. आठवीतल्या मुलाने एवढं लिहिलं तर काही बिघडत नाही. पण तोच निबंध आज पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘कृत्रिम बुद्धिमत्तेपुढील नैतिक आव्हाने : एक चिकित्सक अभ्यास’ असं नाव घेऊन येतो. टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, दीड ओळीचं अंतर, बायंडिंगसाठी डावीकडे जास्तीचा समास, सोनेरी अक्षरांचं काळं पुठ्ठं. त्याला शोधनिबंध म्हटलं जातं आणि गुणही बरे मिळतात. असे प्रकल्प तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि दरवर्षी मला त्याची जास्त काळजी वाटते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपण विद्यार्थ्याकडून मांडणीची शिस्त मागतो, पण ती शिस्त कशासाठी हे सांगत नाही. आणि नीतीवर निबंध लिहिणारा विद्यार्थी ते लिहिताना लोकांशी, त्यांच्या माहितीशी आणि दुसऱ्याच्या श्रमांशी कसा वागला, हे तर विचारतच नाही. तंत्रज्ञानाच्या नीतीवरचा निबंध हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

आधी मजकुरातल्या साम्याच्या टक्केवारीचं घेऊ, कारण मुलांच्या डोक्यावर सर्वांत मोठं ओझं तिचं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर विद्यार्थ्याने लेखन दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे नियम पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांच्या लेखनासाठी आहेत. प्रकल्प अहवाल, टर्म पेपर, असाइनमेंट, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यातून वगळल्या आहेत, हे नियमाच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. तरी कितीतरी कॉलेजांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आयटीच्या प्रकल्पाला ‘प्लॅग (म्हणजे प्लेजरिझम, साम्य) दहाच्या आत पाहिजे’ असं सर्रास सांगितलं जातं. ज्याने सांगितलं त्याने नियम वाचलेला नसतो, आणि ज्याला सांगितलं त्याने तो मागितलेला नसतो.

बरं, ही टक्केवारी मोजते काय? आपला मजकूर आणि सॉफ्टवेअरच्या साठ्यातला मजकूर यांत किती शब्द जसेच्या तसे जुळतात, एवढंच. चोरी झाली की नाही हे तिला कळत नाही. अवतरणचिन्हांत दिलेलं आणि खाली संदर्भ लिहिलेलं वाक्य कित्येकदा लाल दिसतं. उलट एखादा अख्खा इंग्रजी लेख मशीनकडून मराठीत आणून स्वतःच्या नावावर दिला तर अहवाल दोन टक्के दाखवू शकतो. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइलमध्ये तर सॉफ्टवेअरला मराठी अक्षरंच दिसत नाहीत. त्यांच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग असतो, मग तिथे काय जुळणार? आणि परिणाम काय होतो ते कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाहायला मिळतं. टायपिंग, स्पायरल, ब्लॅक बुक (काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला प्रकल्प) यांच्याच यादीत ‘प्लॅग रिमूव्ह’ लिहिलेलं असतं. मजकूर एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, ते प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द लावतं, टक्केवारी खाली येते. हा उद्योग जगभर चालतो. २०२१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांत असे विचित्र शब्दप्रयोग हुडकले, तेव्हा ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) छापलेलं सापडलं. तो मजकूर कोणीतरी लिहिला होता, कोणीतरी तपासला होता आणि नियतकालिकाने छापला होता. वाचला मात्र कोणीच नव्हता.

यावरून मांडणीचे नियमच निरुपयोगी आहेत असं म्हणणारे सहकारी मला भेटतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. आपल्याकडे संदर्भ लिहिण्याच्या ज्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीचा धाक घातला जातो तिची सुरुवात १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मधल्या सात पानांच्या एका लेखापासून झाली. वाचणाऱ्याला मजकूर सहज कळावा, एवढाच त्यामागचा उद्देश. आडनावाशेजारी कंसात वर्ष का लिहायचं, याचं कारण तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्याइतकं दुसऱ्या कोणाला पटू नये. इथे चार वर्षांपूर्वीचं विधान आज खरं असेलच असं नाही.

एकच उदाहरण नीट पाहू, कारण ते जवळजवळ प्रत्येक निबंधात येतं. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये ‘जेंडर शेड्स’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि फेस++ यांच्या प्रणालींना त्यांनी चेहऱ्यांचे फोटो दिले. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधात हे असं उतरतं : ‘फेस रेकग्निशन कृष्णवर्णीय स्त्रियांना ३४.७ टक्के वेळा चुकीचं ओळखतं.’ या एका वाक्यात तीन गफलती आहेत. त्या अभ्यासात माणूस ओळखण्याची चाचणी नव्हतीच. चेहरा पाहून प्रणाली ‘स्त्री’ म्हणते की ‘पुरुष’, हे तपासलं होतं. ३४.७ हा आकडा तिन्ही कंपन्यांचा नसून एकीचा, सर्वांत वाईट निकालाचा आहे. आणि तो त्या काळच्या आवृत्तीचा आहे. पुढच्याच वर्षी झालेल्या फेरतपासणीत या तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच कमी झालेल्या आढळल्या, आणि आधीच्या यादीत नसलेल्या ॲमेझॉनच्या प्रणालीत मोठ्या चुका निघाल्या.

मूळ अभ्यास आणि ती फेरतपासणी उघडलेल्या विद्यार्थ्याला हे कळलं असतं, आणि त्याचा मुद्दा उलट जास्त धारदार झाला असता : बाहेरच्या कोणी चाचणी घेऊन निकाल जाहीर केला की कंपन्या सुधारतात, ज्यांची चाचणी होत नाही त्या तशाच राहतात. मग आपल्याकडे ही चाचणी कोण घेतं? हा झाला शोधनिबंधाचा प्रश्न. पण संदर्भसूचीत त्या अभ्यासाचं नाव बिनचूक, स्वल्पविरामासकट लिहिलेलं असतं, त्यामुळे गुण पूर्ण मिळतात. संदर्भ देणं म्हणजे ‘मी हे वाचलं आहे, तुम्हीही इथे जाऊन पडताळून पाहा’ असा वाचकाला दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळला का, हे आपण तपासत नाही. स्वल्पविराम तपासतो.

चॅटबॉट आल्यापासून हा प्रश्न आणखी बिकट झाला आहे. नसलेल्या निबंधाचं नाव, खरी वाटणारी लेखकांची नावं, नियतकालिक, खंड, पृष्ठक्रमांक, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), सगळं अगदी एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे मिळतं. मांडणीत एकही चूक नसते, फक्त तो निबंध जगात कुठेही नसतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये ‘माता विरुद्ध अव्हियांका’ खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. तिथे समोरचा पक्ष होता, त्याने निवाडे शोधले, सापडले नाहीत, म्हणून प्रकार उघडकीस आला. आपल्या विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीला समोरचा पक्ष नाही. परीक्षकाने डीओआयच्या दुव्यावर बोट ठेवलं तरच कळणार. मला विचाराल तर इंग्रजी वाक्यं नीट करायला किंवा लांबलेला परिच्छेद आटोपता करायला विद्यार्थ्याने हे साधन वापरलं तर गैर काहीच नाही. कुठे आणि कशासाठी वापरलं हे अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहावं. न वाचलेल्या गोष्टीला वाचलेली म्हणणं हे मात्र मशीनच्या आधीही खोटं होतं आणि आजही आहे.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. विषय असतो ‘डेटा प्रायव्हसीबाबत तरुणांमधील जागरूकता’. पद्धत असते गुगल फॉर्म. तो फॉर्म वर्गाच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्लीज फिल करा, दोनच मिनिटं’ असं म्हणत फिरतो. पहिला रकाना नाव, मग मोबाइल क्रमांक, मग ईमेल. पुढे वय, उत्पन्न, आणि त्यानंतर ‘तुमची वैयक्तिक माहिती तुम्ही अनोळखी लोकांना देता का?’ फॉर्म कोणाचा, उत्तरं कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, नको असेल तर काढून टाकायला कोणाला सांगायचं, यातलं काही नसतं. उत्तरांची एक्सेल शीट ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवून गटातल्या सगळ्यांना पाठवलेली असते. निबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मोठ्या कंपन्यांनी वापरकर्त्याची माहितीपूर्ण संमती घ्यावी, अशी शिफारस असते.

यात मी मुलांना दोष देत नाही. त्यांना हे कोणी शिकवलेलंच नाही. वैद्यकीय संशोधनात संमतीची परंपरा फार मोठी किंमत मोजून आली. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं काळ्या पुरुषांना सिफिलिसचे उपचार न देता त्यांचं नुसतं निरीक्षण केलं गेलं, आणि ते उजेडात आल्यानंतर १९७९ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा बेलमाँट अहवाल आला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नैतिकता समित्या आहेत. पण वाणिज्य, आयटी, समाजशास्त्र, पत्रकारिता यांच्या पदवी प्रकल्पांना असला काही विचार लागतो हेच आपण धरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे. समजा या फॉर्मला ती लागू होतेही. कायद्याने अडवलं नाही म्हणून वागणं योग्य ठरतं का, हाच तर नीतीवरच्या निबंधाचा विषय असायला हवा! गोपनीयतेवर लिहिणाऱ्या मुलीने ‘मी नाव आणि नंबर मागितला नाही, कारण माझ्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती’ एवढं एक वाक्य लिहिलं आणि ते तिला समजलेलं असलं, तर मी तिला दहा संदर्भांपेक्षा जास्त गुण देईन.

विषयांबद्दलही बोललं पाहिजे. आपले निबंध ट्रॉली प्रॉब्लेम, चालकाविना चालणारी गाडी, फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती राजकीय प्रचाराला वापरणारी केंब्रिज ॲनालिटिका, युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा जीडीपीआर यांच्याभोवती फिरतात. हे सगळं वाचावंच. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेलं ट्रॉलीचं कोडं (पाच जणांना वाचवायला एकाचा जीव जाऊ द्यावा का?) विचाराला वळण लावतं. पण देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला, तो आधारच्या वादातूनच. २०१८ मध्ये आधार योजना चार विरुद्ध एक अशी ग्राह्य ठरली आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं. हे दोन्ही निकाल कोणालाही फुकट वाचता येतात. रेशन दुकानात कष्टाने झिजलेला अंगठा मशीनवर लागत नाही म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हात पुसणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. या सगळ्याच्या मध्ये राहणारा खानदेशातला विद्यार्थी डेटाच्या नीतीवर लिहिताना ब्रसेल्सपासून सुरुवात का करतो? कारण त्याला दिलेल्या नमुना निबंधात तेच असतं.

रोजगार हमीचंच घ्या. ही कल्पना महाराष्ट्राची, कायदा १९७७ चा, देशाने ती नंतर उचलली. केंद्राच्या रोजगार हमीच्या कामांवर २०२१ मध्ये एनएमएमएस हे हजेरीचं ॲप आलं आणि जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. मजुरांचा कामाच्या जागेवरचा फोटो दिवसातून दोनदा काढून चढवायचा. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर केलेल्या कामाची हजेरी लागत नाही, अशा तक्रारी सुरुवातीपासून होत्या. मग जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच पत्रक काढून ॲपचा गैरवापर कसा होतो ते सांगितलं. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, फोटोतली आणि हजेरीपटावरची माणसं न जुळणं, बायकांच्या जागी पुरुष आणि पुरुषांच्या जागी बायका. उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सगळेच्या सगळे फोटो माणसांनी तपासावेत असं ठरलं. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून ॲप आणलं आणि ॲपवर विश्वास उरला नाही म्हणून पुन्हा माणसं बसवली. मधल्या काळात ज्यांची मजुरी बुडाली त्यांना कोणी विचारलं? तेवढं एक पत्रक ओळ न ओळ वाचलं तर त्यातून पदवीच्या पातळीचा उत्तम निबंध उभा राहतो. त्याला अमेरिकेतला एकही संदर्भ नसला तरी चालेल.

अंगणवाडी सेविकांना नोंदींसाठी दिलेलं पोषण ट्रॅकर हे ॲपही तसंच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, इंग्रजी ॲपबद्दल तक्रारी केल्या. पुढे घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा ॲपने ओळखण्याची पद्धत आली. चेहरा जुळला नाही तर गरोदर बाईला परत पाठवायचं की नाही, हा निर्णय प्रत्यक्षात सेविकेवर येऊन पडतो. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या सेविकेशी अर्धा तास बोलावं. बोलण्याआधी आपण कोण, हे कशासाठी, तिचं आणि गावाचं नाव लिहिणार नाही, नको वाटलं तर कधीही थांबता येईल, हे तिला मराठीत सांगावं. आणि निबंध पूर्ण झाल्यावर तिला तो वाचून दाखवावा. गटात असे पाच विद्यार्थी असतील तर व्हॉट्सॲपवरच्या दोनशे फॉर्मपेक्षा हातात जास्त काही असेल.

असा निबंध लिहायला बसलं की मांडणीची खरी अडचण समोर येते, आणि तिथे आमची प्रकल्पलेखनाची पुस्तिका गप्प असते. शासन निर्णयाचा संदर्भ कसा द्यायचा? लेखक कोण, आडनाव काय? माझ्या मते विभागाचं नाव, वर्ष, शीर्षक, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि त्यावरचा संगणक संकेतांक एवढं दिलं की वाचक तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर शोधू शकतो, म्हणजे काम झालं. मराठी पुस्तकांची सूची अकारविल्हे लावायची की रोमन लिप्यंतर करून इंग्रजी सूचीत मिसळायची? वेगळी आणि अकारविल्हे. मुलाखतीचा उल्लेख कसा करायचा? नाव झाकून, ‘सेविका १, मुलाखत, महिना, वर्ष’ असा. विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनी आणि समाजशास्त्राच्या विभागांनी मिळून हे दोन पानांत लिहून द्यावं. ते नसल्यामुळे विद्यार्थी सोपं तेच करतो, म्हणजे ज्याचा साचा तयार मिळतो तो परदेशी निबंध उचलतो आणि घराजवळचा पुरावा सोडून देतो.

मार्गदर्शकांची बाजू मला ठाऊक आहे. एकेकाकडे डोईजड संख्येने प्रकल्प असतात, तास, परीक्षा, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रं असतात. टक्केवारीचा कागद हातात आला की निदान एक गोष्ट सुटते. त्यात पेपर छापल्याचे जादा गुण, मग पैसे घेऊन चार दिवसांत छापणारी ‘इंटरनॅशनल’ नियतकालिकं. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली होती, त्यावरून रोग किती पसरला होता ते समजतं. पदवीच्या मुलाला छापायला लावणं ताबडतोब बंद झालं पाहिजे, यावर चर्चेचीही गरज नाही. पण वेळ नाही म्हणून वाचायचं नाही, हे मान्य करता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवी आहे, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणारी मुलं तिकडे वळणार आहेत. ब्लॅक बुकची सवय घेऊन ती तिथे गेली तर चौथं वर्ष म्हणजे आणखी एक जाडजूड ब्लॅक बुक होईल.

तोंडी परीक्षेची दहा मिनिटं आपल्याकडे आजही आहेत. त्यात बहुतेकदा ‘निष्कर्ष सांगा’ एवढंच विचारलं जातं आणि पाठ केलेलं ऐकून सही होते. त्याऐवजी परीक्षकाने सूचीतल्या कुठल्याही तीन संदर्भांवर खूण करावी आणि विद्यार्थ्याने फोनवर किंवा लॅपटॉपवर ते उघडून आपण वापरलेलं वाक्य किंवा आकडा दाखवावा. मग प्रश्नावली किंवा मुलाखतीची टिपणं मागावीत : कोणाला विचारलं, विचारण्याआधी काय सांगितलं, आता ती माहिती कुठे आहे. संमतीचा मजकूर परिशिष्टात छापलेला नसेल तर तो प्रकल्प पूर्ण झालेला नाही असं समजावं. अंतर्गत मूल्यमापनात फॉन्ट, समास आणि बायंडिंगला आज जे गुण आहेत ते निम्म्याने कमी करून या दहा मिनिटांना द्यावेत. जिथे अंतर्गत गुणांची वाटणी विभागाच्या हातात आहे तिथे याला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. विभागाच्या एका बैठकीत ठरवून जूनमध्ये, विषय वाटण्याच्या दिवशीच, मुलांना ते लेखी देता येईल.